राउटरचा जबाब

नेटवर्किंगचे शिक्षण घेऊ इच्छिणारे विद्यार्थी पहिल्या भेटीत बहुधा एकाच गोष्टीची मागणी करतात, आणि ती म्हणजे आज्ञांची यादी. 'एनेबल', 'कॉन्फिगर टर्मिनल', 'इंटरफेस', 'आयपी ॲड्रेस', 'नो शटडाऊन' एवढे तोंडपाठ झाले की राउटर आपल्याला वश झाला अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. आणि परीक्षेची प्रश्नपत्रिकाही या समजुतीला पुष्टी देणारीच असल्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीतील संगणक खात्यात ज्या वर्षांत माझे केस पिकले त्या वर्षांचा हिशेब मांडू लागलो, तर राउटरला काही करावयास सांगण्यात माझा जितका काळ गेला त्याच्या कैक पटींनी अधिक काळ राउटर काय सांगतो आहे हे वाचण्यात गेला, असेच म्हणावे लागेल. ज्या आज्ञांचा आरंभ 'शो' या शब्दाने होतो त्या आज्ञा यंत्रात तिळमात्र फेरफार करीत नाहीत. त्या केवळ विचारतात. हे विचारणे, आणि आलेल्या उत्तरातील एकही अक्षर न गाळता ते ऐकणे, या विद्येला आमच्या वर्गांतून सर्वांत शेवटचे, तास उरलाच तर मिळणारे, स्थान दिले जाते, ही माझी मनापासूनची तक्रार आहे.

आमची मुख्य कचेरी कोल्हापुरास, आणि शाखा घाटावर व घाटाखाली विखुरलेल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात प्रत्येक शाखेस ६४ किलोबिटची एक लीज्ड लाइन, तिच्या टोकाशी मोडेम, मोडेमपासून निघणारी व्ही-३५ ची जाडजूड केबल, आणि त्या केबलच्या शेवटी एक लहानसा राउटर, असा सर्वत्र सारखाच सरंजाम होता. दोन टोकांच्या राउटरांना जोडणाऱ्या सीरियल दुव्यासाठी २५५.२५५.२५५.२५२ हा मास्क वापरीत असू, कारण त्यातून निघणाऱ्या चार पत्त्यांपैकी दोनच वापरण्याजोगे असतात आणि दुव्यास टोकेही दोनच असतात. ही काटकसर विद्यार्थ्यांना गणितातून समजावी लागते, आम्हाला ती नित्याच्या वहिवाटीतून अंगवळणी पडली होती. मृगाचा पहिला पाऊस पडला की घाटाखालच्या शाखांचे दूरध्वनी सुरू होत, आणि ते ऑक्टोबरापर्यंत थांबत नसत.

अशा प्रत्येक तक्रारीत पहिली आज्ञा 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' हीच असे. पडद्यावर एक कोष्टक उमटते. डावीकडे इंटरफेसचे नाव, त्याच्या पुढे पत्ता, आणि उजव्या अंगाच्या दोन रकान्यांत त्याच्या अवस्थेचे दोन शब्द. यांतील पहिला शब्द तारेविषयी असतो, दुसरा त्या तारेवरून पलीकडच्या टोकाशी चाललेल्या संवादाविषयी. पहिल्या रकान्यात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' असे आढळले, तर तो इंटरफेस निसर्गाने किंवा अपघाताने नव्हे, मनुष्याच्या हुकुमाने बंद आहे असे निश्चित समजावे. नवा राउटर खोक्यातून काढला की त्याचे इंटरफेस याच अवस्थेत असतात, आणि 'नो शटडाऊन' या आज्ञेची गरज त्यामुळेच पडते. 'डाऊन' आणि 'डाऊन' असे दोन्ही शब्द आले तर केबल, मोडेम किंवा लाइन यांच्याकडे जावे. 'अप' आणि 'डाऊन' असा जोड आला तर मात्र तार जिवंत असून संवाद तुटला आहे, आणि येथे विचाराला खरी सुरुवात होते. दर दहा सेकंदांनी राउटर सीरियल दुव्यावरून पलीकडे आपल्या अस्तित्वाची एक खूण पाठवितो. लागोपाठ तीन खुणांना दाद मिळाली नाही की दुसऱ्या रकान्यातील शब्द तो स्वतःच 'डाऊन' असा बदलतो. दाद न मिळण्याची कारणे अनेक. त्यांतले नित्य भेटणारे कारण म्हणजे दोन टोकांच्या एन्कॅप्सुलेशनमधील विसंगती: सिस्कोच्या राउटरवर काही न सांगता जे एचडीएलसी चालते ते त्या कंपनीचे स्वतःचे असल्यामुळे, पलीकडे अन्य कारखान्याचा राउटर बसविला तर दोन्हीकडे पीपीपी घातल्याशिवाय त्यांचे बोलणे होत नाही. प्रयोगशाळेत दोन राउटर समोरासमोर जोडले असता आणखी एक कारण उद्भवते. तेथे मोडेम नसतो, तेव्हा घड्याळाचा ठोका कोणी तरी एकाने द्यावयाचा असतो. केबलचे डीसीई टोक ज्याच्याकडे आहे त्याच राउटरवर 'क्लॉक रेट ६४०००' लिहावे लागते, आणि ते टोक कोणाकडे आहे हे 'शो कंट्रोलर्स सीरियल' या आज्ञेने केबल न हलविता कळते.

एक रात्र मला सविस्तर सांगितली पाहिजे. आषाढातला पाऊस होता, आणि आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे असलेल्या आमच्या एका शाखेचा दिवसअखेरचा हिशेब मुख्य कचेरीत आलेला नव्हता. आमच्या बाजूचा राउटर त्या शाखेच्या दुव्याविषयी 'अप, डाऊन' असे सांगत होता. मुख्य दुवा पडल्यास शाखेच्या राउटरने आपण होऊन आयएसडीएनवरून फोन लावावा आणि पर्यायी वाट मोकळी करावी असा बंदोबस्त केलेला होता. परंतु ती वाटही लागत नव्हती. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद, त्या अर्थी राउटरच वीज पडून गेला असला पाहिजे, असे कचेरीतील बहुतेकांचे मत पडले, आणि दुसरा राउटर गाडीत घालून रात्रीच घाट उतरावयाची तजवीज सुरू झाली. शाखेत त्या वेळी एकच मनुष्य होता: निवृत्तीस आलेले शिपाई, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. राउटरसोबत येणारी ती चपटी, फिकट निळी कन्सोल केबल प्रत्येक शाखेच्या कपाटात असलीच पाहिजे असा मी आग्रह धरला होता, आणि त्या रात्री तो आग्रह फळाला आला. मामांनी फोन खांद्याशी धरून केबल लावली, हायपरटर्मिनल उघडले, वेग ९६०० आहे याची खात्री केली, आणि मी एकेक अक्षर सांगत गेलो तसतशी 'शो इंटरफेसेस सीरियल झिरो' ही आज्ञा टंकित केली.

"मामा, आता पहिली ओळ वाचा. अर्थ लागला नाही तरी चालेल, पण एकही अक्षर सोडू नका."

"साहेब, सीरियल झिरो इज अप. लाइन प्रोटोकॉल इज अप. पुढं कंसात आणखी काहीतरी आहे. ते पण वाचायचं का?"

"ते तर आधी वाचा."

"एल, ओ, ओ, पी, ई, डी."

त्या सहा अक्षरांत सारा मामला उलगडला. शाखेचा राउटर दर दहा सेकंदांनी जी खूण पाठवीत होता ती पलीकडे कोल्हापूरला न पोहोचता वाटेतूनच जशीच्या तशी परत येत होती, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो आहे हे ओळखून राउटरने त्याची नोंद 'लूप्ड' या शब्दाने केली होती. दिवसा लाइनची चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाने एक्स्चेंजमध्ये लूप घातला असावा, आणि चाचणी संपल्यावर तो काढावयाचा राहून गेला असावा. कोल्हापूरच्या राउटरला काहीच ऐकू येत नव्हते, म्हणून त्याने 'डाऊन' म्हटले. शाखेच्या राउटरला उत्तर मिळत होते, मग ते स्वतःचेच का असेना, म्हणून त्याने 'अप' म्हटले. आणि ज्याअर्थी दुवा 'अप' होता त्याअर्थी आयएसडीएन लावण्याचे त्याला कारणच उरले नव्हते. दोन्ही राउटर खरे बोलत होते. खात्रीसाठी मी मामांना शाखेच्या सीरियल इंटरफेसचाच पत्ता 'पिंग' करावयास सांगितला. असे स्वतःच्या पत्त्यासाठीचे पॅकेटसुद्धा या प्रकारच्या दुव्यावर बाहेर तारेवर जाते आणि पलीकडून फिरून आले तरच गणले जाते; मामांनी "पाच उद्गारचिन्हं आली, साहेब" असे सांगितले तेव्हा राउटर, केबल, मोडेम आणि एक्स्चेंजपर्यंतची तार ही सर्व निर्दोष असल्याचा दाखला मिळाला. लाइन पुरविणाऱ्यांच्या रात्रपाळीला 'लूप काढा' एवढे दोनच शब्द सांगावे लागले. गाडी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी 'डाऊन-व्हेन-लूप्ड' ही ओळ आम्ही सर्व शाखांच्या राउटरांवर चढविली. लूप आढळताच दुवा पडला असे समजून पर्यायी वाट लावावी, अशी मुभा राउटरला त्या ओळीने मिळते. मामांना इंग्रजीचा गंध नव्हता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, परंतु ज्या वाचनाविषयी मी लिहितो आहे ते वाचन त्यांच्याइतके नेकीने करणारा मनुष्य मला पदवीधरांतही क्वचितच भेटला.

'पिंग' या आज्ञेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ती सर्वांना येते आणि तिचा जबाब फार थोड्यांना वाचता येतो. १९८३ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेच्या एका लष्करी संशोधनशाळेत काम करणाऱ्या माईक मूस यांनी, नेटवर्कच्या एका विचित्र वर्तनाचा छडा लावण्यासाठी हा चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. त्यास लागणारा आयसीएमपी हा प्रोटोकॉल १९८१ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. राउटरवरून ही आज्ञा दिली असता सामान्यतः शंभर बाइटांची पाच पॅकेटे जातात, प्रत्येकाची दोन सेकंद वाट पाहिली जाते, उत्तर आले तर उद्गारचिन्ह आणि न आले तर टिंब उमटते, आणि वाटेतल्या एखाद्या राउटरने 'पुढे रस्ता नाही' असे कळविले तर 'यू' हे अक्षर उमटते. टिंब म्हणजे मौन, 'यू' म्हणजे स्पष्ट नकार. मौनाचा शोध कोठेही घ्यावा लागतो, नकाराचा शोध नकार देणाऱ्यापासून सुरू करता येतो. पहिले टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हे दिसली की नवशिके घाबरतात. परंतु शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता एआरपीने विचारून घेईपर्यंत पहिल्या पॅकेटचा वेळ निघून गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. 'ट्रेसराउट' ही स्टीव्ह डिअरिंग यांच्या सूचनेवरून व्हॅन जेकबसन यांनी साकारलेली युक्ती तर मला आजही विलक्षण वाटते: पॅकेटला प्रथम एकाच मुक्कामाचे आयुष्य द्यावयाचे, मग दोन, मग तीन, आणि ज्या ज्या राउटरच्या दारात त्याचे आयुष्य संपते त्या त्या राउटरकडून ते संपल्याची इत्तला घेत घेत अवघी वाट रेखाटावयाची.

एका नव्या शाखेत असे झाले की राउटरवरून मुख्य कचेरीतील सर्व्हर पिंग होई, परंतु त्याच राउटरच्या पाठीमागे बसलेल्या कारकुनाच्या संगणकावरून होत नसे. नेटवर्क ठीक आहे, संगणकात दोष आहे, असा निर्वाळा देऊन जो तो मोकळा झाला, आणि बिचाऱ्या कारकुनाचा संगणक पुनःपुन्हा नव्याने भरला गेला. वस्तुतः राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडते त्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लिहितो, म्हणजे येथे सीरियल दुव्याचा. तो दुवा मुख्य कचेरीला प्रत्यक्ष जोडलेला असल्यामुळे त्याच्याकडे परत जाण्याची वाट तेथे ठाऊक होती. शाखेच्या आतल्या जाळ्याकडे परतण्याची वाट मात्र कोणीच लिहिलेली नव्हती. 'पिंग' एवढाच शब्द देऊन थांबले की राउटर एकेक प्रश्न विचारतो, आणि त्यांत प्रेषकाचा पत्ता कोणता धरू असेही विचारतो. तेथे इथरनेटचा पत्ता देताच पाचही टिंबे उमटली. मग कोल्हापुरास 'शो आयपी रूट' पाहिले, आणि जी ओळ असावयास हवी होती ती नव्हती. पॅकेट पोहोचते आणि उत्तर परत येत नाही, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की कोणत्याही तपासात जाण्याच्या वाटेइतकेच लक्ष परतीच्या वाटेकडे द्यावे असे मी आता वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतो.

तसेच 'शो व्हर्जन'. राउटर किती वेळ अखंड चालू आहे आणि मागच्या वेळी तो कशामुळे पुन्हा सुरू झाला हे त्यात लिहिलेले असते. एका शाखेचा दुवा रोज रात्री पडे आणि सकाळी आपोआप येई. लाइनच्या तक्रारी महिनोन्महिने चालू होत्या. त्या जबाबात 'पॉवर-ऑन' हे शब्द होते, आणि नोंदवहीतील तारखा १ मार्च १९९३ पासून सुरू होत होत्या. ज्या जुन्या राउटरांत बॅटरीवरचे घड्याळ नसते व ज्यांना बाहेरून वेळ मिळत नाही, ते वीज गेली की त्या दिवसापासून कालगणना करू लागतात. शाखा बंद करताना मुख्य बटण बंद केले जात होते, आणि त्याच्याबरोबर राउटरही. लाइनचा काडीमात्र दोष नव्हता.

एवढे पाहून झाल्यावर मगच लिहावयाची वेळ येते, आणि तेथेही जबाबदारी मोठी आहे. राउटरमधील रनिंग कॉन्फिगरेशन व्यापाऱ्याच्या कच्च्या वहीसारखे असते. आज्ञा लिहिताच ती तत्काळ अंमलात येते, परंतु 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करून ती पक्क्या खतावणीत उतरविली नाही, तर वीज जाताच सारे पुसले जाते. या दुबळेपणाचा मी आयुष्यभर आधार घेत आलो. दूरच्या राउटरवर, त्याच्याच दुव्यावरून आत जाऊन, ॲक्सेस लिस्ट बदलावयाची असते तेव्हा मोठा धोका असतो, कारण प्रत्येक ॲक्सेस लिस्टच्या शेवटी न लिहिलेली, 'बाकी सर्वांना मनाई' अशी एक ओळ असतेच, आणि त्या 'बाकी'मध्ये बदल करणारा स्वतःही मोडू शकतो. म्हणून आधी 'रीलोड इन १५' लिहावयाचे, मग बदल करावयाचा. सर्व सुरळीत असेल तर 'रीलोड कॅन्सल' करून जतन करावयाचे, आणि वाट तुटलीच तर पंधरा मिनिटांनी राउटर आपण होऊन पुन्हा सुरू होतो आणि जुन्या खतावणीवर परत येतो. ही खबरदारी लहान संस्थांपुरतीच आहे असे कोणी समजू नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जागतिक जाळ्यात देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांमधील सर्व दुवे तुटले, आणि अशी घातक आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस प्रोग्रॅममध्ये दोष असल्यामुळे ती अडली नाही. दुरून आत जाण्याची वाटच उरली नाही, तेव्हा अभियंत्यांना प्रत्यक्ष त्या इमारतींत जावे लागले, आणि सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सहा तास लागले.

आता मी शिकवितो. लीज्ड लाइनी गेल्या, शाखांना काचतंतू पोहोचले, आणि विद्यार्थी पॅकेट ट्रेसरवर घरी बसून दहा राउटरांचे जाळे उभारतात, याचा मला खरोखर आनंद आहे. आमच्या वेळी एका राउटरला हात लावावयास मिळणे हेही भाग्य होते. परंतु पडद्यावरच्या त्या जाळ्यात केबल कुजत नाही, कनेक्टर सैल होत नाही, उंदीर येत नाहीत. म्हणून भंगारातून आणलेले काही जुने राउटर आणि स्विच मी प्रयोगशाळेत मांडले आहेत, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुद्दाम दोष पेरून ठेवतो. नियम एकच. पहिला अर्धा तास 'कॉन्फिगर टर्मिनल' लिहावयाचे नाही. फक्त 'शो', फक्त पिंग, आणि जे दिसेल ते वेळेसह कागदावर. 'डीबग'लाही मनाई, कारण कामात गुंतलेल्या राउटरवर 'डीबग आयपी पॅकेट' लावले तर तो जबाब देता देताच गुदमरतो. 'अनडीबग ऑल' तोंडपाठ असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

गेल्या वर्षी गडहिंग्लजकडून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला जे टेबल आले तेथे एका टोकाला डुप्लेक्स 'फुल' असे ठोकून बसविलेले होते आणि दुसरे टोक 'ऑटो'वर होते. अशा वेळी 'ऑटो'च्या टोकाला वाटाघाटीसाठी समोरून कोणी मिळत नाही, ते 'हाफ'वर उतरते, आणि दुवा दोन्हीकडे 'अप, अप' दिसत राहतो; लहान पिंग सुखरूप जाते, फक्त मोठी फाइल पाठविताना श्वास कोंडतो. तिने दोन्ही टोकांचे 'शो इंटरफेसेस' शेजारी शेजारी उतरून काढले होते: एकीकडे 'लेट कोलिजन' वाढत होते, दुसरीकडे सीआरसी. त्याखाली तिने डुप्लेक्सची विसंगती असे निदान लिहिले, आणि त्याच्याही खाली, सीआरसीचे आकडे डुप्लेक्सने होतील त्याहून अधिक वाटतात, केबलही तपासावी, असे लिहून सही केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हरकत घेतली. उत्तरात एकही कॉन्फिगरेशनची आज्ञा नाही, गुण कशाचे द्यावयाचे, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. आम्ही दोन्ही टोके 'ऑटो'वर आणली, 'क्लिअर काउंटर्स' दिले, आणि मोठ्या आकाराची पिंग चालू ठेवून तेथेच उभे राहिलो. लेट कोलिजन शून्यावर थांबले, सीआरसी मात्र सावकाश चढत राहिले. परीक्षकांनी स्वतः वाकून केबल ओढली, तर ती टेबलाच्या पायाखाली दबून चेपली होती. हा दोष मी पेरलेला नव्हता. नवी केबल लावून त्यांनी पुन्हा आकडे पाहिले, तिचा कागद मागून घेतला, आणि वेळ, इंटरफेस व आकडा अशा तिन्ही गोष्टी प्रत्येक ओळीत आहेत ना, हे बोटाने तपासून मगच गुणपत्रकावर सही केली.